काकूंची पांढरी भिंत आणि स्पंजच्या गोळ्या

सुरुवातीलाच सांगून टाकते की त्या भिंतीवर मी जे केलं त्याला विज्ञान म्हणतात. गल्लीत त्याला दुसरं नाव पडलं. पण गल्लीनं नववीचं विज्ञानाचं पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळं मी गल्लीला दोष देत नाही. म्हणजे, थोडा देते.

आमच्या शाळेतून तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी एकच प्रयोग जातो आणि दरवर्षी तो इंद्रजितचा असतो. ठिबक सिंचन. सलाईनच्या नळ्या, थर्माकोलचं शेत, हिरवा रंगवलेला भुसा आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची गाय. त्या गायीचा ठिबकशी काय संबंध, हे अजून एकाही परीक्षकानं विचारलेलं नाही. यंदा मात्र मी ठरवलं होतं की गाय घरी बसणार आणि महेश्वरी तालुक्याला जाणार. महेश्वरी म्हणजे मी. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून मला असं ठरवायला जमायला लागलंय. (स्पर्धेत आम्ही तिघंच होतो आणि तिसरा मुलगा भाषणाच्या मध्येच पाणी प्यायला गेला तो परत आला नाही. पण नंबर तो नंबर.)

प्रयोगाला लागणारी मुख्य वस्तू माझ्याकडं आधीच होती. त्या दुसऱ्या नंबराबद्दल काय पाहिजे असं पुण्याच्या मामानं विचारलं तेव्हा मी ब्लास्टर मागितला. निळा-केशरी, खेळण्यातला, खटका ओढला की स्पंजची गोळी सुटते. गोळी म्हणजे बोटाएवढी स्पंजची कांडी आणि पुढं रबराचं बोंडूक, टोपीसारखं. आई त्याला बंदूक म्हणते. पप्पा तहसील कचेरीत कारकून आहेत, त्यामुळं ते 'ती वस्तू' म्हणतात. बंदूक म्हटलं की परवाना आला, परवाना म्हटलं की फाईल आली, आणि फाईल घरात आलेली त्यांना चालत नाही.

ब्लास्टरसोबत आलेल्या गोळ्या आठवड्यात संपल्या. काही पत्र्यावर गेल्या, काही गटारात, आणि दोन कोपऱ्यावरच्या सखूबाईंच्या शेळीनं खाल्ल्या. शेळीला काहीही झालं नाही, हे सखूबाई अजून अभिमानानं सांगतात. मग बदली माल आला, तोही तीन वाटांनी. एक पाकीट मी तुळजापूरच्या खेळण्यांच्या दुकानातून आणलं. त्या गोळ्यांच्या तोंडाला चिकटणारी वाटी होती. एक मामानं मोबाईलवरून मागवून पाठवलं. ते इतकं हलकं होतं की आईनं रिकामा डबा समजून पोस्टमनला परत द्यायला काढलं. आणि तिसरं मला समोरच्या द्वारकाकाकूंनी दिलं. त्यांच्या निकिताताईसाठी मुरुम गावचं स्थळ आलं होतं आणि त्या लोकांचं मुरुमला जनरल स्टोअर होतं. काका-काकू घर बघायला गेले तेव्हा निघताना पाहुण्यांनी त्यांच्या पिशवीत बांगड्या, पेन, कंगवे आणि गोळ्यांचं एक पाकीट घातलं. काकूंनी ते माझ्या हातात देताना सांगितलं, "आमच्या होणाऱ्या पाहुण्यांचा माल हाय बरं का, हिकडंतिकडं टाकू नगंस."

तिन्ही पाकिटांवर एकच वाक्य होतं: सर्वात अचूक. तीन जण सर्वात अचूक असू शकत नाहीत. झाला माझा प्रयोग.

आमच्या विज्ञानाच्या महारुद्र सरांना कल्पना आवडली, पण मुख्याध्यापकांनी अर्ज बघून चष्मा काढला. अर्जात 'गोळी' हा शब्द पाच वेळा होता. शाळेच्या आवारात गोळी चालणार नाही, चालवायची असेल तर पालकांचं हमीपत्र आणा, असं ते म्हणाले. पप्पांनी हमीपत्राचा मसुदा दोनदा वाचला, दारं-खिडक्या बघितल्या आणि सांगितलं की सरकारी नोकर या नात्यानं गोळीबाराची हमी ते घेऊ शकत नाहीत. शेवटी सरांनीच नाव बदललं: 'हवेच्या दाबाने लवचिक दंडगोलांचे प्रक्षेपण : एक तुलनात्मक अभ्यास.' आता हे काय आहे ते मलासुद्धा कळंना, म्हणजे मंजूर होईल, असं सर म्हणाले आणि तसंच झालं. फक्त एक अट राहिली. सोमवारी प्रार्थनेनंतर निकाल हातात पाहिजे, नाहीतर गाय.

चाचणीला लांब, सरळ, मोकळी जागा पाहिजे. आमच्या गल्लीत हे तिन्ही गुण एका दिवशी एकत्र येत नाहीत. मोटारसायकली असतात, वाळत घातलेलं सोयाबीन असतं, आणि खुर्ची टाकून बसलेले बलभीम आबा असतात. आबा कोर्टात बेलिफ होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत कुणाची पाण्याची टाकी भरून वाहिली तरी ते आधी जागेची पाहणी करतात. अशा माणसासमोर प्रयोग करणं म्हणजे प्रयोगाऐवजी साक्षी-पुरावा होणं.

पण वर्षातून एक दिवस असा येतो की आमच्या वाशी गावात कुत्रंसुद्धा दिसत नाही. येळवस. वेळ अमावास्या. त्या दिवशी ज्याला रान आहे तो आपल्या रानात जेवायला जातो आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. आम्हाला रान नाही, म्हणून आम्ही दरवर्षी द्वारकाकाकूंच्या रानात जातो. अर्धी गल्ली त्यांच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असते. आंबिलीचा माठ, भज्जी, बाजरीचे उंडे, खव्याच्या पोळ्या. मी हे सगळं विज्ञानासाठी सोडलं, हे कृपया लक्षात ठेवावं. अभ्यास आहे म्हटल्यावर आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. येळवसला घरी राहणारं माणूस आमच्याकडं आजारी तरी असतं, नाहीतर बाळंतीण.

ट्रॉली कोपऱ्यावरून वळली आणि मी करिश्माला बोलावलं. करिश्मा माझी मैत्रीण, पलीकडच्या गल्लीतली. ती फार बोलत नाही, त्यामुळं आमचं जमतं.

आता निशाणा कुठं लावायचा? समोरच काकूंची भिंत होती. रविवारी मुरुमचे पाहुणे निकिताताईला बघायला येणार म्हणून काकूंनी कंपाउंडला दोन हात पांढरा रंग मारून घेतला होता. आमच्या ओट्यावरून बघितलं तर भिंत अशी पांढरीफेक दिसायची की एखादा डाससुद्धा मोजता यावा. यापेक्षा चांगला पडदा कुठल्या प्रयोगशाळेत असेल? आणि चाचणी झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं, हे माझ्या नियोजनात पहिल्यापासून होतं. नियोजनाला कुणी नावं ठेवू नयेत.

पहिली अडचण आली ती अशी की स्पंजची गोळी आपटते आणि पडते, खूण राहत नाही. खूण नाही तर मोजायचं काय? खडूची पूड चिकटली नाही, आणि चिकटली असती तरी पांढऱ्यावर पांढरं कोण बघणार? म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तीन प्रकारच्या गोळ्यांना तीन रंग पाहिजे होते. तुळजापूरच्या गोळीला हळद, मुरुमच्या गोळीला कुंकू आणि मामाच्या गोळीला काजळ. मामाची गोळी फारच हलकी, वाऱ्यानंच वळायची, म्हणून तिच्या तोंडाला कणकेचा छोटा गोळा लावून वजन वाढवलं. निशाणा लहान आणि गोल पाहिजे, आणि आमच्या दारात लिंबाचं झाड आहे. लिंबू भिंतीसमोर टांगायचं तर दोरा पाहिजे. आईच्या शिवणाच्या पेटीत त्या दिवशी फक्त काळा होता. दोरा लिंबावरून घसरायला लागला म्हणून चारी बाजूंनी टाचण्या टोचल्या. आणि अंतर मोजायला सोपं जावं म्हणून भिंतीवर कोळशानं एकात एक अशी रिंगणं काढली.

ह्यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर तिला कारण आहे. मी आजही कुठल्याही व्यासपीठावर ते समजावून सांगायला तयार आहे.

दुपारभर आम्ही चाचणी घेतली. टाचण्यांच्या जागी लिंबं फुटली की नवी टांगली, फुटलेली खाली पडू दिली. भिंतीवर पिवळे, लाल, काळे ठिपके उठत गेले. तुळजापूरच्या गोळ्या अर्ध्या वाटेतच मान टाकायच्या. मामाच्या गोळ्या मनाला येईल तिकडं जायच्या, कणीक सोडून. मुरुमच्या गोळ्यांचं काहीतरी निराळंच होतं, पण ते ठिपके मोजल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मोजायला टेप पाहिजे होता. करिश्माचे वडील शिंपी. आम्ही दोघी टेप आणायला तिच्या घरी गेलो. तिच्या आजीनं उपाशी बघून आंबील प्यायला बसवलं. आंबील पिऊन घाईनं उठता येत नाही, हे ज्यानं प्यायली आहे त्याला माहीत आहे.

परत आलो तर ट्रॉली आलेली. आणि अख्खी गल्ली काकूंच्या दारात.

मी लांबूनच ते सगळं पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं. अमावास्या. लग्नाच्या मुलीचं दार. काळ्या दोऱ्यानं टांगलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू. मागं काळी रिंगणं, त्यावर हळद, कुंकू, काजळ. खाली फुटलेली लिंबं आणि कणकेचे गोळे. मी टेप पाठीमागं लपवला.

द्वारकाकाकू पायरीवर बसून रडत होत्या. कुणीतरी पोरीचं जमत आलेलं मोडायला करणी केली, एवढंच त्या म्हणत होत्या, आणि म्हणताना एकेकीच्या तोंडाकडं बघत होत्या. ज्या बाईकडं त्या बघायच्या ती बाई लगेच दुसऱ्या बाईकडं बघायची. शेवटी सगळ्या माझ्या आईकडं बघायला लागल्या, कारण अख्ख्या गल्लीतून आमच्याच घरातलं एक माणूस रानात आलं नव्हतं. बलभीम आबांनी दोन्ही हात आडवे धरून लोकांना मागं सारलं होतं. जाणकार माणूस बघत नाही तोवर कशाला हात लावायचा नाही, असा त्यांनी हुकूम काढला आणि काठीनं जमिनीवर हद्द आखली. माझे सगळे ठिपके हद्दीच्या आत आणि माझा टेप हद्दीच्या बाहेर.

मग मी पुढं झाले. वक्तृत्वाचा काही उपयोग असेल तर तो अशाच वेळी. मान वर, हात मागं, आवाज स्पष्ट. हे मी केलेलं आहे, असं मी सांगितलं. हा प्रक्षेपणाचा प्रयोग आहे, ठिपक्यांची सरासरी काढायची आहे, कृपया मला मोजू द्यावं.

 मग बलभीम आबांनी हळूच मान हलवली.

"लेकरू लई गुणाचं हाय," ते म्हणाले. "घरच्यावर नाव येऊ न्हाय म्हणून स्वतःच्या अंगावर घ्यायलंय."

मी म्हणाले, आबा, खरंच मी केलं. एका बाईनं सांगितलं की तसं नसावं, अमावास्येला उपाशीपोटी एकटी राहिली, तिलाच काहीतरी धरलं असणार, बघा की काय बोलायलीय, सरासरी म्हणे. हे जास्त लोकांना पटलं. जन्मात पहिल्यांदा मी एवढ्या मोठ्या जमावासमोर खरं बोलले आणि एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. त्या वक्तृत्वाच्या परीक्षकांना बोलवायला पाहिजे होतं.

मला घरात नेऊन बसवलं. सखूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर जबरदस्त, असं ठरलं. त्या मिरच्या बेडगीच्या होत्या, रंगाला आणलेल्या, त्यांनी आजवर कुणालाच ठसका लागलेला नाही; पण हे सांगायला मी तोंड उघडलं तर त्यांनी आणखी मूठभर टाकल्या.

आईनं तोवर कुंकवाचं पाकीट बघितलं होतं. तळाला गेलेलं. हळदीचा डबा, तोही तळाला गेलेला. ती माझ्याकडं बघत काही बोलली नाही, आणि आई बोलत नाही तेव्हा मला करणी परवडते. पप्पा खालच्या आवाजात एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होते, की जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. गुन्हा दाखल झाला की चौकशी, चौकशी झाली की बदली, आणि बदली कुठं करायची हे ठरवणारा माणूस कचेरीत त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसतो आणि त्यांचं पटत नाही.

शनिवारी सकाळी माझ्या प्रयोगाचा अंत झाला. जाणकार म्हणून कुणी मिळालं नाही. जो होता तो येळवसचं जेवून आडवा पडला होता. म्हणून काकूंनी स्वतःच गोमूत्र शिंपडलं, लिंबं नदीत सोडायला काकांना पाठवलं आणि भिंतीला रंगाचा तिसरा हात मारून घेतला. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. ब्रश खाली यायचा आणि माझं एकेक रीडिंग जायचं. रंगवणारा माणूस शीळ घालत होता.

संध्याकाळी निकिताताई पाणी भरायच्या निमित्तानं आमच्याकडं आली. ती डी.फार्म. झालेली आहे, मोजून-मापून बोलते. तिनं मला एवढंच विचारलं की कणीक कशासाठी. मी म्हणाले, वजनाला. तिनं मान हलवली आणि हसू दाबत गेली. म्हणजे जगात एकीला तरी पटलं. पण तिनं तिच्या आईला सांगून बघितलं तर काकूंनी तिच्यावरूनसुद्धा मिरच्या ओवाळल्या.

रविवारी मुरुमचे पाहुणे आले. मुलगा सुरज, त्याची आई सिताबाई आणि गाडीभर नातेवाईक. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. भिंत अशी चमकत होती की पाहुण्यांना डोळे बारीक करावे लागत होते. आम्ही शेजारी म्हणून बोलावलेले, पण जरा लांब बसवलेले. पोहे आले, चहा आला, ताई येऊन बसली, शिक्षण विचारून झालं, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सिताबाईंनी सहज विचारलं, गोमूत्राचा वास कशाचा येतोय?

एवढ्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. बलभीम आबा म्हणाले की काही विशेष नाही, परवा करणी झालती, त्याची साफसफाई केली.

सिताबाईंनी बशी खाली ठेवली. पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी चपला. मुरुम लांब आहे, निघायला पाहिजे, विचार करून कळवतो, असं एकजण म्हणाले. कळवतो म्हणणारे पाहुणे कळवत नाहीत, एवढं मलासुद्धा कळतं. निकिताताई मान खाली घालून बसली होती आणि ट्रे अजून तिच्या हातातच होता.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, ताईचं लग्न माझ्या लिंबांमुळं मोडतंय. दोन, भिंत पुन्हा पांढरी आहे आणि उद्या सोमवार आहे. कुठली आधी आली ते मी सांगणार नाही.

मी घरी पळाले आणि ब्लास्टर, गोळ्या, उरलंसुरलं हळद-कुंकू, लिंबू सगळं ओढणीत घालून परत आले. पाहुण्यांनी माझ्या हातात ती वस्तू बघितली आणि चपला शोधणारे पुन्हा खुर्चीत बसले. मी सांगितलं, करणी कशी झाली ते मी करून दाखवते. पप्पांनी डोळे मिटले.

काकूंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. त्यांना आता हळूहळू पटायला लागलं होतं, आणि पटल्यावर त्यांना भलतीच काळजी लागली.

"हे बघ बाई," त्या कानात म्हणाल्या, "करायचंच आसंल तर पाहुण्यांच्या दुकानातली गोळी पहिली आली पायजे. त्यांच्या मालाला नाव ठिवलंस तर माज्या पोरीचं वाटोळं हुईल."

मी म्हणाले, काकू, पहिली कुठली येईल ते गोळी ठरवणार. त्या म्हणाल्या, तू ठरव. एवढी शिकलीस ते कशाला?

हे फार अवघड झालं. खोटा निकाल लावला तर ताईचं जमणार आणि माझा प्रयोग खोटा होणार. खरा लावला तर प्रयोग खरा आणि ताई घरी. पुस्तकात प्रयोगाची कृती दिलेली असते, साहित्य दिलेलं असतं, पण समोर सासू बसलेली असताना काय करावं हे कुठंही दिलेलं नाही. मी अंगणात आले.

करिश्मानं लिंबू टांगलं. तुळजापूरची गोळी मी मारली ती तुळशीतच पडली. मामाची पत्र्यावर गेली आणि तिथंच राहिली. मग मी मुरुमचं पाकीट काढलं. सिताबाई जरा ताठ बसल्या. आमच्याकडची आहे का, असं त्यांनी विचारलं. काकू लगेच व्हय म्हणाल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की सखूबाईंच्या मिरच्या परवडल्या.

मी नेम धरला. अगदी बरोबर लिंबावर. देवाशप्पथ, वाकडा धरला नाही आणि मुद्दाम सरळही केला नाही. खटका ओढला. गोळी लिंबाच्या डावीकडून गेली आणि आबांच्या पोह्यांच्या बशीत पडली. पोह्यांवर कुंकू सांडलं.

एकदा होतं, असं मी म्हणाले. पुन्हा नेम. पुन्हा बशी. आबांना बाजूला व्हा म्हटलं तर ते होईनात; पाहुण्यांसमोर आपण जागा सोडत नसतो, असं त्यांचं म्हणणं. तिसरी गोळी पण बशीत. आता पोह्यांची रंगपंचमी झाली होती.

सिताबाईंनी पदर सावरला. आम्हाला इथं बघायला बोलावलंय की आमच्या मालाला नावं ठेवायला, असं त्यांनी अत्यंत शांतपणे विचारलं. अशा शांतपणाला मी यापुढं नेहमी घाबरणार आहे. काकूंनी डोक्याला हात लावला.

तेवढ्यात इतका वेळ गुडघ्यावर रुमाल ठेवून बसलेला सुरज बोलला. त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

"डावीकडंच जाती ती," तो म्हणाला. "सगळ्या पाकिटातल्या. बोंडकं एका अंगाला बसवल्याती."

सिताबाई त्याच्याकडं वळल्या, पण निकिताताईनं त्यांच्या आधी मान वर केली. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं विचारायचं नसतं, विचारलं तर स्वयंपाकाबद्दल. ताईनं सरळ त्याच्याकडं बघून विचारलं, "मग गिऱ्हाइकाला सांगता का तसं?"

"सांगूनच देतो. डावीकडं जाती, नेम उजवीकडं धर म्हणतो." तो जरा लाजला. "त्यामुळं लई खपत न्हाईत."

ताई उठली. ट्रे सासूबाईंच्या हातात दिला, म्हणजे होणाऱ्या, म्हणजे तेव्हा अजून काहीच नक्की नव्हतं. माझ्याकडून ब्लास्टर घेतला, मुरुमची गोळी भरली, लिंबावर नेम न धरता हातभर उजवीकडं धरला आणि खटका ओढला. लिंबू दोऱ्यासकट गरकन फिरलं. मागच्या भिंतीवर, तीन हात रंगावर, लालभडक ठिपका उठला. तिनं आणखी एक मारली. ठिपक्यावर ठिपका. मग सुरज उठला आणि त्यानं एक मारली. तिसरा ठिपका त्याच जागी.

मला तेव्हा लख्ख कळलं, शुक्रवारी भिंतीवर निराळं काय दिसत होतं. तुळजापूरच्या आणि मामाच्या खुणा सगळीकडं पसरलेल्या होत्या. मुरुमच्या सगळ्या एकाच जागी होत्या, फक्त चुकीच्या. ती गोळी चुकते, पण दरवेळी सारखीच चुकते. अशा गोळीला सांभाळून घेता येतं. जी रोज नव्या बाजूला चुकते, तिचं कुणी काही करू शकत नाही. हे मी मोठ्यानं बोलले, हात मागं घेऊन, आणि सिताबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या ह्यांचं पण असंच होतं, असं त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

काकू मात्र भिंतीपाशी गेल्या होत्या. त्यांनी त्या लाल ठिपक्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, मग माझ्या आईकडं बघितलं.

"तुमच्या घरचं कुंकू हाय व्हय हे?"

आई म्हणाली, होय, अख्खं पाकीट.  मग काकू आत गेल्या आणि आईसाठी वेगळा, आलं घालून चहा आणला. आमच्या गल्लीत याला माफीनामा म्हणतात. माझ्यासाठी त्यांनी फडकं आणि बादली आणली. पुसायच्या आधी मी तिन्ही पाकिटांतल्या गोळ्या पुन्हा मारल्या आणि शेवटी टेप लावून मोजलं. करिश्मानं टेपचं दुसरं टोक धरलं, आणि ठिपके कुठून मोजायचे यावर सुरज आणि निकिताताई यांचं पहिलं भांडण झालं. दोघांचं सुपारीचं तिथंच ठरलं. बलभीम आबांनी नवे पोहे मागितले.

सोमवारी प्रार्थना झाली. इंद्रजित त्याचं शेत घेऊन आला होता. ठिबक नेहमीपेक्षा जोरात ठिबकत होतं आणि गाय घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. महारुद्र सरांनी माझा निकाल वाचला, आकडे वाचले, दोनदा मान हलवली. मुख्याध्यापक शेजारी उभे होते. त्यांनी तालुक्याचा फॉर्म सरांच्या हातात दिला. पहिल्या रकान्यात प्रयोगाचं नाव लिहून झालं. सर दुसऱ्या रकान्यावर थांबले.

"समाजाला उपयोग," सरांनी वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "इंद्रजितच्या प्रयोगानं पाणी वाचतं. तुझ्या प्रयोगाचा समाजाला काय उपयोग, महेश्वरी?"

मी हात मागं घेतले, मान वर केली.

"सर," मी म्हणाले, "एक लग्न जमलं."

सरांनी मुख्याध्यापकांकडं बघितलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "लिहा."